डेन्मार्कच्या आधी वफ्रा

मी कुवेतला गेले, पण माझ्या मुक्कामात घरात बोलणं झालं ते बहुतेक डेन्मार्कचं. मिरजेत परतल्यावर शेजारणी विचारायला लागल्या, तेलाच्या विहिरी पाहिल्यास का, उंटावर बसलीस का. विहिरी लांबून पाहिल्या. उंटावर नाही, सायकलवर बसले. साठी उलटलेली बाई कुवेतला जाऊन सायकल चालवून आली, हे कुणाला खरं वाटत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

माझा धाकटा भाऊ दिलीप तिथल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर आहे. त्याची बायको अनघा पुण्याची, एका दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन. केतकी ही त्यांची एकुलती एक. जन्म कुवेतचा, शाळा कुवेतची, आता कॉलेजचं तिसरं वर्षही तिथेच. तिच्या कॉलेजाचा डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरातल्या विद्यापीठाशी करार आहे. एक सत्र तिकडे जाऊन शिकायचं आणि परत यायचं. केतकीची निवड झाली होती. वडिलांनी हो म्हटल्याचं कळवल्याशिवाय कॉलेज तिचं नाव पुढे पाठवणार नव्हतं, त्याची मुदत एका रविवारी संपत होती, आणि दिलीप काही हो म्हणत नव्हता.

आधी त्याचा फोन आला. "ताई, तू ये. तुझं ऐकेल ती. समजाव तिला." मग केतकीचा. "आत्या, प्लीज ये ना. बाबा फक्त तुझं ऐकतात. समजाव त्यांना." दोन्ही पक्षांनी एकाच वकिलाला गाठल्यावर वकिलाची चैन असते. मी जायचं ठरवलं.

निघण्याआधी अनघाने बजावलं होतं, काहीही आणा पण खसखस आणू नका, तिकडे ती अफूच्या खात्यात मोडते. आमच्या घरच्या गोड्या मसाल्यात खसखस पडते. मी खसखशीशिवाय नवा मसाला कुटला, आणि तरीही विमानतळावरच्या तरुण अधिकाऱ्याने डबा उघडून दोनदा हुंगला. दुसऱ्यांदा हुंगताना त्याने डोळे मिटले होते. मला वाटतं, त्याला भूक लागली असावी.

हवल्ली

दिलीपचं घर हवल्लीत आहे. जुनी वस्ती, चिकटून उभ्या इमारती, खाली मोबाइलची दुकानं, शिंपी, शोरमावाले, आणि प्रत्येक कोपऱ्यावर बकाला म्हणजे आपलं किराणा दुकान. फोन केला की बकालातला माणूस सायकलवरून दुधाची पिशवी दारात आणून देतो. सकाळी समोरच्या भट्टीतून इराणी रोटी यायची, परातीएवढी आणि हाताला चटके देणारी. तिच्यावर लोणी लावायचं. लोण्याचा कागद पाहिला तर डेन्मार्कचा.

मला हसू आलं. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. डेन्मार्क म्हणजे सखल भूमी, पश्चिमी वारे आणि दुग्धव्यवसाय, एवढं मी पोरांकडून घोकून घेतलं होतं. त्या दुग्धव्यवसायाची चव मला हवल्लीत, जानेवारीच्या थंडीत, शाल पांघरून घ्यायची होती हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. हो, थंडी. कुवेतला थंडी पडते आणि चांगली पडते, हे मी शिकवलेलं असूनही स्वेटर न्यायला विसरले होते.

तयारी मात्र केतकीची चोख होती. हॉलच्या भिंतीवर तिने ओडेन्सचा नकाशा लावला होता, ते ज्यावर वसलंय त्या फ्यून बेटासकट. इथल्या कुठल्या विषयाला तिथला कुठला विषय धरायचा, वसतिगृह कुठलं, सगळं ठरलेलं. बापाच्या नावावर असलेला तिचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं तर जातो. तिने सत्राच्या तारखा लावून दाखवल्या होत्या, की परीक्षा संपल्या संपल्या ती मुदतीत परत येते.

पण सेफ्टी इंजिनिअरच्या घरात तेवढ्याने भागत नाही. कारखान्यात काम सुरू करण्याआधी सगळे गोल करून उभे राहतात आणि आज काय काय धोके आहेत ते बोलतात, त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. दिलीप हा प्रकार घरी नाश्त्याला करतो.

"धोका एक. थंडी. कंट्रोल काय?" तो विचारायचा.

"जॅकेट, थर्मल, बूट," केतकी सांगायची.

"धोका दोन. जेवण."

"खिचडी येते, पोळ्या येतात. ऑलमोस्ट गोल."

"धोका तीन. हिवाळ्यात दुपारीच अंधार."

इथे मी अक्षांश आणि पृथ्वीचा कललेला आस यांवर थोडं बोलले. अनघा तेवढ्यात डबे भरून मोकळी झाली.

"धोका चार," दिलीप म्हणाला आणि चहाचा कप खाली ठेवला. "तुमच्याच विद्यापीठाच्या साइटवर लिहिलंय की तिकडे सगळे विद्यार्थी सायकलने जातात. तुला सायकल येते?"

भिंतीवरच्या नकाशात तिने हिरव्या रेघांनी सायकलचे रस्ते रंगवले होते, त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

"आय कॅन टेक द बस," ती म्हणाली.

"म्हणजे कंट्रोल नाही," दिलीप म्हणाला आणि गाडीची किल्ली घेऊन उठला. तिला कॉलेजला सोडायचं होतं ना.

शर्क

तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. पहिल्या शुक्रवारी आम्ही शर्कच्या मासळीबाजारात गेलो. एका बाजूला उंच काचेच्या कचेऱ्या, आणि त्यांच्या पायाशी बर्फावर मांडलेली मासळी. आपलं पापलेट तिथे जुबैदी नावाने राहतं आणि त्याचा मान जावयासारखा असतो. फरशी धुतलेली, माशी औषधाला नाही. आमच्या मिरजेच्या बाजारातल्या माश्या तिथे उपाशी मेल्या असत्या. अनघा आणि मासेवाला अर्ध्या हिंदीत, अर्ध्या अरबीत भांडत होते, आणि भांडण संपल्यावर त्याने तिला मूठभर कोळंबी वर घातली.

केतकी आणि मी बाहेर धक्क्यावर गेलो. जुन्या लाकडी होड्या डुलत होत्या, त्यांच्यावर जाळी वाळत होती. तिथे ती पहिल्यांदा मोकळेपणी बोलली.

"आत्या, तुला वाटतं मी फिरायला चाललेय? मला ओडेन्स नसतं मिळालं, दुसरं काही मिळालं असतं, तरी मी गेले असते. मी ट्वेंटी आहे. मी कधी एकटी रस्ता क्रॉस केला नाहीये. बाबा दारात सोडतात, दारात घेतात. आजपर्यंत मी कधी स्वतःच्या चुकीने लेट झाले नाही. झाले तर ट्रॅफिकमुळे, किंवा बाबांच्या मीटिंगमुळे. आय वाँट टू बी लेट बिकॉज ऑफ मी."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी प्रोजेक्ट असतो, जाता येत नाही. हाच चान्स आहे."

तेवढ्यात दिलीपचा फोन आला, की आहात तिथेच थांबा, गाडी घेऊन येतो. गाडी जिथे लावली होती ती जागा आम्हाला समोर दिसत होती. आम्ही थांबलो. तो लांबचा वळसा घालून आला, वाटेत सिग्नलला अडकला, आणि आमच्या पुढ्यात गाडी उभी करून आतून दार उघडलं. केतकीने माझ्याकडे पाहिलं. मी त्या क्षणी पक्ष बदलला. आधी कुठल्या पक्षात होते ते दिलीपला कळवायची गरज नव्हती.

मायलेकी पुढे सुपरमार्केटात शिरल्या तेव्हा गाडीत आम्ही बहीणभाऊच उरलो. मी म्हटलं, "दिल्या, सायकलचं निमित्त आहे. खरं काय ते बोल."

तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. मग म्हणाला, "ताई, परदेशातला पहिला महिना काय असतो तुला नाही माहीत. मी इथे आलो तेव्हा एका खोलीत चौघं होतो. दिवस कामात जायचा. संध्याकाळी काय करायचं तेच कळायचं नाही. आईचा फोन आला की मी सांगायचो, मस्त आहे, जेवण छान आहे, मित्र छान आहेत. एकदा तर तापात पडलो होतो तरी मस्त म्हणालो." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "ही पण तेच सांगेल. मी विचारणार, कशी आहेस. ती म्हणणार, आयॅम फाइन बाबा. आणि मला कळणार नाही."

मला त्याचे ते फोन आठवले. आई फोन ठेवून समाधानाने स्वयंपाकाला लागायची. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. अनघा डेन्मार्कच्या लोण्याचे आणखी दोन पुडे घेऊन उभी होती.

इमारतीमागचं पार्किंग

सायकल मिळाली ती सुनंदा परबांकडून. त्या मालवणच्या, सरकारी रुग्णालयात नर्स, खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचा मुलगा शिकायला कॅनडाला गेला आणि सायकल गॅलरीत राहिली.

"माझो झील गेलो, सायकल हयच ऱ्हवली," त्या म्हणाल्या. "घेवन जावा. आणि तुमच्या भावाक सांगा, चेडवाक जावंदे म्हणान. माझो गेलो तेव्हा मी आठ दिवस रडलंय. मगे ड्युटी लागली."

पहाटेनंतर, गाड्या कामाला गेल्यावर, इमारतीमागचं पार्किंग रिकामं व्हायचं. तिथे आमची शाळा भरली. दिलीप त्या दिवशी मुद्दाम उशिरा निघाला. सायकलचं हेल्मेट दुकान उघडल्यावर आणू, तोवर नसण्यापेक्षा बरं, म्हणून त्याने कारखान्याची पिवळी टोपी आणली आणि केतकीच्या हनुवटीखाली पट्टा आवळला. वर डोळ्यांना गॉगल. पोरगी सायकल शिकायला नव्हे, भट्टीत उतरायला निघाल्यासारखी दिसत होती.

आधी मी चालवून दाखवते म्हटलं. पंजाबी ड्रेस अनघाचा, बूट केतकीचे. पहिली फेरी झकास झाली. दुसऱ्या फेरीला कचऱ्याच्या मोठ्या पेटीमागून एक मांजर निघालं. हवल्लीत मांजरं फार, आणि त्यांना कुणाची घाई नसते. मी मांजर वाचवलं आणि पेटीवर जाऊन आदळले. दिलीप धावत आला, मला काही लागलं नाही बघून म्हणाला, "अपघात होता होता राहिला. ह्याला निअर मिस म्हणतात. रिपोर्ट करावा लागतो."

मग केतकीची पाळी. दिलीप बाजूला उभा राहून सूचना देत होता. पाठ ताठ ठेव, समोर बघ, पॅडल सोडू नकोस, हँडल असं धर, तसं धर. तिसऱ्यांदा ती पडली तेव्हा मला राहवलं नाही.

"दिल्या, तू गप्प बस. तुला स्वतःला कुठे येते सायकल?"

केतकीने गॉगल कपाळावर चढवला. "व्हॉट? बाबांना येत नाही?"

येत नाहीच. त्याला शाळेत न्यायची जबाबदारी माझ्यावर होती, आणि तो शाळा संपेपर्यंत माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसला. दोघांची दप्तरं पोटाशी धरून तो मागून माझ्या कमरेपाशी डोकं काढायचा आणि रस्ता सांगायचा. ताई, म्हैस. ताई, खड्डा, डावीकडून घे. मला समोरचं सगळं दिसत असायचं, पण तो सांगायचा आणि मी ऐकायचे. मी नोकरीला लागले तेव्हा तो कॉलेजला बसने जायला लागला, आणि पुढे थेट गाडीच शिकला.

"यू नेव्हर टोल्ड मी," केतकी म्हणाली.

"कधी विषय निघाला नाही," दिलीप म्हणाला आणि घड्याळ बघून कामाला निघून गेला. त्या संध्याकाळी मात्र तो खरं हेल्मेट घेऊन आला, चांगलं निळं. म्हणजे हो नव्हतंच, पण अगदी नाहीही राहिलं नव्हतं.

आठवडाभरात केतकीचे गुडघे सोलले, कोपर सोललं आणि तोल सापडला. बकालातला सायकलवाला जाता जाता घंटी वाजवून तिला दाद द्यायला लागला. वळायला मात्र पार्किंगमध्ये जागा नव्हती, सरळ म्हणावं असं अंतरही नव्हतं. आणि मुदत संपायचा रविवार तीन-चार दिवसांवर आला होता. अनघाच म्हणाली, शुक्रवारी वफ्र्याला जाऊ.

वफ्रा

वफ्रा दक्षिणेला, सौदीच्या सीमेकडे. हवल्लीतून निघालं की आधी इमारती संपतात, मग दुकानं संपतात, मग वाळूत उभारलेले लोकांचे तंबू लागतात. थंडीत कुवेती माणसं घर सोडून हौसेने वाळवंटात राहायला जातात. आणि मग एकदम हिरवं. लांबच लांब पॉलिहाऊस, खजुराच्या रांगा, काकडी, टोमॅटो, चक्क स्ट्रॉबेरी. भूगोलाच्या बाईला एवढं पुरेसं होतं, मी वाटेत प्रत्येक पाइप कुठून येतो ते विचारत होते. पॉलिहाऊसमध्ये काम करणारे बहुतेक बांगलादेशी आणि मिसरी. त्यांतल्या एकाने मला काकडी तोडून दिली, ती खाताना मला मिरजेची आठवण आली नाही. एवढी ती चांगली होती.

सुनंदाताईही बरोबर होत्या. खजुराच्या सावलीत आम्ही सतरंजी टाकली, थालीपीठं आणि डेन्मार्कचं लोणी काढलं. मळ्यामधून एक कच्ची वाट सरळ जात होती, थेट टोकाच्या झाडांच्या ओळीपर्यंत, वारा अडवायला लावलेल्या. केतकीने निळं हेल्मेट चढवलं आणि निघाली. पहिल्यांदा जरा डगमगली, मग अशी गेली की अनघा उठून उभी राहिली. टोकाला जाऊन, मोठा वळसा घेऊन ती परत आली. तोंड लाल, वेणी सुटलेली. वाऱ्यामुळे डोळ्यांतून पाणी येत होतं, असं ती म्हणाली.

आम्ही टाळ्या वाजवल्या आणि मग तिघीही दिलीपकडे बघायला लागलो. केतकी बघत नव्हती. ती खाली वाकून चेन तपासत होती, चेनला काही झालेलं नसताना.

दिलीपने थालीपीठाचा घास संपवला. "ही नुसती रिकामी फेरी झाली," तो म्हणाला. "आमच्याकडे नवी क्रेन आली की ती रिकामी फिरवून कुणी पास करत नाही. तिच्या नेहमीच्या वजनापेक्षा जास्त वजन टांगतात. लोड टेस्ट. ती झाल्याशिवाय मी सही करत नाही."

"बाबा, बॅग घेऊन जाऊ का? पाण्याचे कॅन बांधू?" केतकीने विचारलं.

"कॅन नको," दिलीप म्हणाला. उठला, पँट झटकली, आणि सायकलच्या कॅरिअरवर जाऊन बसला.

तो अंगाने चांगला भरलेला आहे. टायर बसले. सायकल काही म्हणाली नाही, पण स्टँडने कुरकुर केली.

"डबलसीट कुठल्या नियमात बसतं रे?" मी विचारलं.

"कुठल्याच नाही," तो म्हणाला. "केतकी, ते हेल्मेट मला दे. नको, राहू दे, तूच घाल. त्या झाडांपर्यंत जायचं आणि परत इथे यायचं. पाय टेकायचा नाही. आलीस तर मी आजच हो कळवतो."

केतकीने ओठ घट्ट मिटले. एक पॅडल मारलं, सायकल उजवीकडे कलली, मग डावीकडे. अनघाने माझा दंड धरला. दिलीपने दोन्ही पाय दोन बाजूंना उचलून धरले होते, शाळेत धरायचा तसेच, फक्त आता ते पाय मोठे झाले होते. दुसरं पॅडल, तिसरं. सायकल सरळ झाली आणि निघाली. काकडी देणारा माणूस काम सोडून बघत उभा राहिला.

झाडांपर्यंत गेली. वळण अवघड होतं, त्यात ती जवळजवळ थांबली. इतक्या लांबून पाय टेकला की नाही ते दिसत नव्हतं. मला देव आठवले, आणि आठवले हे कबूल करायला लाज नाही. मग दोघं मोठी मोठी होत परत यायला लागली. आम्हाला तिचा धापा टाकणारा श्वास ऐकू यायला लागला. वाटेच्या शेवटी, आमच्या अगदी थोडं अलीकडे, ट्रॅक्टरने एक मोठा खड्डा पाडून ठेवला होता. जाताना ती तो चुकवून गेली होती. आता दमली होती, मान खाली होती, आणि सायकल सरळ त्याच्यावर चालली होती.

दिलीपने तिच्या कमरेपाशी डोकं काढलं.

"ताई, खड्डा. डावीकडून घे."

केतकीने डावीकडून घेतलं. आमच्यासमोर येऊन थांबली आणि तेव्हा पाय टेकला. दिलीप उतरला. मग खिशातून फोन काढून त्याने तिच्या हातात दिला. "कॉलेजचा मेल उघड," तो म्हणाला. "आणि हे हेल्मेट घेऊन जा, तिकडच्याचा भरवसा नाही. आणि फोनवर मला फाइन सांगायचं नाही. काय असेल ते सांगायचं."

केतकी त्याच्या गळ्यात पडली, हेल्मेट त्याच्या कपाळावर आपटलं, आणि त्याचा त्याने रिपोर्ट केला नाही.

सुनंदाताई हळूच माझ्याकडे सरकल्या. "त्यांनी मगाशी हाक कोणाक मारल्यानी? तुमका?"

"नाही," मी म्हटलं. "जी चालवत होती तिला."